नादार, नातूर, नादूर

ब्रीद हे एखाद्या बाईचं नाव असू शकतं, हे शांताबाई मेश्राम यांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. केअर होमच्या चौदा नंबरच्या खोलीवर पाटी होती. तिच्यावर चारच इंग्रजी अक्षरं होती आणि त्यातल्या 'आय'च्या डोक्यावर टिंबाऐवजी तिरकी रेघ होती. तिथली माणसं त्या पाटीशी आपापल्या परीने झगडत. कुणी 'ब्रिड' म्हणे, कुणी 'ब्रॅड', एकीने तर सरळ 'ब्रेड' करून टाकलं होतं. शेवटी कंटाळून सगळे 'लव्ह' नाहीतर 'डार्ल' यावर येऊन थांबत. शांताबाईंनी पाटी वाचली आणि जीभ दातांना लावून, ब्रीदवाक्यातलं ब्रीद म्हणावं तसं म्हटलं, "गुड मॉर्निंग, ब्रीद."

पलंगावरची म्हातारी तीन आठवडे कुणाकडे बघत नव्हती. तिने मान वळवली.

ब्रीद लिंच, वय ब्याण्णव. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, जिथे अजून घरात आयरिश बोलतात, अशा एका कोळ्यांच्या गावात तिचा जन्म. विशीत बोटीने मेलबर्नला आली आणि पुढे चाळीस वर्षं एका बोर्डिंग शाळेत स्वयंपाक केला. नवरा गेलेला, मूल झालं नाही, आयर्लंडमध्ये नोरीन नावाची एक भाची. फाइलमध्ये एवढंच होतं. डिमेन्शिया झाला तशी तिची इंग्रजी गेली. शेवटी आलेला पाहुणा आधी उठून गेला म्हणायचं. आईच्या तोंडची आयरिश तेवढी राहिली, आणि ती त्या अख्ख्या इमारतीत कुणाला कळत नव्हती.

शांताबाईंना तरी कुठे कळत होती? त्या मूर्तिजापूरच्या. नवरा काशीनाथ डिप्लोमा इंजिनियर, ट्रामच्या वर्कशॉपमध्ये नोकरी मिळाली म्हणून दोघं पंचवीस वर्षांपूर्वी मेलबर्नच्या क्लेटन उपनगरात आली आणि तिथेच रुजली. मुलगा अनुप शाळेत रमल्यावर शांताबाईंनी बेचाळिसाव्या वर्षी केअररचा कोर्स केला आणि तेव्हापासून म्हाताऱ्यांना अंघोळ घालणं, भरवणं, कुशीवर वळवणं हेच काम. अनुप आता पॉइंट कुकला मोठ्या घरात राहतो आणि दर रविवारी म्हणतो, "आई, इनफ नाऊ. रिटायर हो." शांताबाई दर रविवारी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढतात. बाई तोंडाने फटकळ आणि हाताने हळव्या. ज्यांना फक्त तोंड दिसलं ते त्यांना घाबरत, ज्यांना हात लागले ते त्यांची वाट बघत.

ब्रीद जेवत नव्हती. चमचा तोंडाजवळ आला की ओठ घट्ट मिटायची. शांताबाईंनी पहिल्या सकाळी लापशीची वाटी घेतली, खुर्ची ओढली आणि विचार केला, हिला इंग्रजी कळत नाही, मला आयरिश येत नाही, मग मी का उगाच परक्या भाषेत तोंड वेडंवाकडं करू? त्या सरळ मराठीत सुरू झाल्या. "ब्रीद, आ कर बाई. हा चिऊचा. बघ ब्रीद, हा काऊचा." वाटी संपली. हॅंडओव्हरच्या वेळी नर्स इन चार्ज ऐश्वर्याने वहीत ती नोंद दोनदा वाचली. ऐश्वर्या पुण्याची, वयाने शांताबाईंच्या मुलीसारखी आणि हुद्द्याने वरची, त्यामुळे कामाचं सांगतानाही तिची थोडी कसरत व्हायची. ती म्हणाली, "काकू, फुल बोल? सीरियसली? काय जादू केलीत?"

"जादू कसली? नावाने हाक मारली."

हे त्या चेष्टेने म्हणाल्या होत्या. खरं तेच होतं, पण ते त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्यानंतर चार महिने चौदा नंबर शांताबाईंचाच झाला. ब्रीदचं वजन दोन किलो वाढलं. गालांवर थोडा रंग आला. आणि मग एका सकाळी ब्रीद बोलायला लागली. अंथरूण बदलायला आलेल्या दुसऱ्या बाईला तिने हाताने थांबवलं, शांताबाईंकडे बोट केलं आणि बोळक्या तोंडाने म्हणाली, "ता नादूर इन्ती."

शांताबाईंच्या हातातली उशी हातातच राहिली. त्यांच्या कानांनी 'नादूर' ऐकलंच नाही. त्यांनी ऐकलं, नादार.

आता नादार म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही तो. हल्लीच्या मुलांना शब्द माहीतही नसेल. शांताबाईंच्या शाळेत फीमाफीच्या यादीला नादारांची यादी म्हणत. दर जूनमध्ये कारकून वर्गात यायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "नादार मुलींनी उभं राहायचं." आठवीच्या वर्षी शांता उभी राहिली नाही. बाकाखाली पाय घट्ट धरून बसून राहिली. तेव्हा कारकुनांनी यादीवर बोट ठेवलं, मग तेच बोट तिच्यावर रोखलं आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारलं, "काय गं, श्रीमंत झालीस का?" वर्ग हसला. त्या दिवसापासून मॅट्रिक होईपर्यंत ती शांता नव्हती, नादार होती. पाणी प्यायला गेली तरी मागून हाक यायची, "ए नादार." मुली काही दुष्ट नव्हत्या. त्यांना ते नाव सोपं वाटायचं. पण सत्तेचाळीस वर्षांत शांताबाईंनी ही गोष्ट काशीनाथनाही धड सांगितली नव्हती.

एका आयरिश म्हातारीला हा शब्द कुठून माहीत असणार, हे न कळण्याइतक्या शांताबाई खुळ्या नव्हत्या. पण कानाला कुठे अक्कल असते? शिवाय दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. या नोकरीत डोकं ठिकाणावर नसलेल्या म्हाताऱ्यांकडून त्यांनी रंगावरून, वासावरून, 'जा परत तुझ्या देशात'वरून पुष्कळ ऐकून घेतलं होतं. तेव्हा ही जे बोलते आहे ते चांगलं असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. शब्दाचा अर्थ काही का असेना, बोट रोखलेलं होतं, आणि चार माणसांत रोखलेलं होतं.

मग ते रोजचंच झालं. कुणी खोलीत आलं की ब्रीद बोट करायची आणि तेच वाक्य म्हणायची. फरशी पुसणाऱ्याला सांगायची, डॉक्टरांना सांगायची. आपल्या नादारीची दवंडी पिटल्यासारखं शांताबाईंना होई. त्यांनी भांडण केलं नाही. त्यांनी फक्त एक केलं, नाव घेणं बंद केलं. फाइलमध्ये आडनाव होतंच. त्या म्हणायला लागल्या, "ओपन युअर माउथ, मिसेस लिंच." चिऊही गेली आणि काऊही गेला. काम चोख होतं, अंघोळ, औषध, कपडे, कशात खोट काढायला जागा नव्हती. आपण किती सभ्यपणे वागतो आहोत याचं शांताबाईंना मनातून समाधानही होतं. माणूस सगळ्यात जास्त निर्दयी असतो तो असा, नियमाप्रमाणे वागताना.

म्हातारी बोट करायची थांबली. मग बोलायचीही थांबली. शांताबाईंना वाटलं, बरं झालं. पण आता त्या खोलीत पाऊल टाकताना त्यांना आठवीचा वर्ग दिसायला लागला होता. जूनच्या शेवटी त्या ऐश्वर्याकडे गेल्या.

"मला दुसऱ्या विंगला टाक."

"का हो काकू? ब्रीदचं काय? ती तुमच्याकडूनच खाते."

"मिसेस लिंच," शांताबाई म्हणाल्या. "माझी पाठ दुखते. तिकडे लिफ्टिंग कमी आहे."

पाठ खरंच दुखत होती, त्यामुळे हे खोटं ठरत नव्हतं. ऐश्वर्याने रोस्टर बदललं.

तीन आठवडे झाले. चौदा नंबरचं जेवण अर्ध्या वाटीवर आलं, मग पाव वाटीवर. शांताबाईंच्या कानावर ते जेवणाच्या सुट्टीत आलं आणि त्यांनी डबा बंद केला, पण गेल्या नाहीत. एका दुपारी लाँड्रीची गाडी ढकलत जुन्या विंगमधून जाताना पंधरा नंबरच्या दारातून आवाज आला, "शांटा! इकडे ये."

पंधरा नंबरमध्ये हॉल्गर नावाचा डेन्मार्कचा म्हातारा राहायचा. आयुष्यभर जहाजांवर सुतारकाम केलेला माणूस, आता व्हीलचेअरमध्ये. पाय गेले होते, डोकं मात्र रंधा मारल्यासारखं साफ. भिंतीपलीकडचं सगळं त्याला ऐकू यायचं आणि त्यात आपलं काही चुकतंय असं त्याला वाटत नसे.

"शेजारीण मरतेय," तो म्हणाला. "आधी बोलायची. तू असलीस की बोलायची. नातूर, नातूर. आता गप्प."

शांताबाईंचा चेहरा ताठ झाला. "नातूर नाही. नादार."

"नातूर! आमच्याकडे म्हणतात ना, नातूर. नेचर!" हॉल्गरने हात खिडकीकडे उडवला. "डेन्मार्कमध्ये नातूर. नॉर्वे, स्वीडन, तेच. आइसलँडला मासे भरायला गेलो तर तिथे नाउत्तुरा. कार्डिफच्या गोदीत एका वेल्श सुताराशी माझं भांडण झालं. त्याचा नातिर, माझा नातूर. तो म्हणे शब्द आमचा, मी म्हणे आमचा. शेवटी बोटीवरचा पाद्री म्हणाला, दोघेही चोर आहात, शब्द लॅटिनचा. तिथून तो घरोघर गेला. मग आयर्लंड काय, वाटेवरच आहे."

शांताबाईंनी लाँड्रीची गाडी भिंतीला लावली. त्यांना बसावंसं वाटलं, पण खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यात तो होता.

"नेचर?" त्यांनी विचारलं. "झाडं, पानं?"

"झाडं, समुद्र, वारा. ती कोळ्यांच्या गावची आहे, शांटा. कोंडलंय तिला इथे. तुझ्याकडे बोट करून सांगत होती, ही मला बाहेर नेईल. नेलंस तू?"

नेलं नव्हतं. एका म्हातारीने रोज मोकळी हवा मागितली आणि आपण त्याची शिवी करून मनात जपून ठेवली, या विचाराने त्यांना स्वतःची शिसारी आली. त्याच पावली त्या ऐश्वर्याकडे गेल्या. "मला चौदा नंबर परत दे." ऐश्वर्याने पाठीचं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "काकू, लेट झालंय जरा. काल डॉक्टर येऊन गेले. पण घ्या तुम्ही. प्लीज."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ब्रीदला लोकरीच्या दोन शालींत गुंडाळलं, डोक्याला टोपी घातली आणि व्हीलचेअरवरून मागच्या बागेत नेलं. जुलैची थंडी होती, पण ऊन पडलं होतं. मोठ्या निलगिरीखाली त्यांनी खुर्ची थांबवली. मॅगपाय गवतात चोच खुपसत होता. बॉटलब्रशचं एक अवेळी आलेलं लाल फूल त्यांनी तोडून म्हातारीच्या मांडीवर ठेवलं. "लुक, मिसेस लिंच. नेचर! ट्रीज, बर्ड्स."

ब्रीदने झाडाकडे बघितलं नाही. पक्ष्याकडे बघितलं नाही. मांडीवरचं फूल घसरून खाली पडलं तेही तिला कळलं नाही. ती शांताबाईंच्या तोंडाकडे बघत होती, एकटक, एखादं माणूस बोलता बोलता थांबलं आणि त्याच्या पुढच्या शब्दासाठी आपण थांबावं तशी. शांताबाईंनी कस्टर्डचा चमचा पुढे केला. ओठ मिटले. "प्लीज, मिसेस लिंच." ओठ उघडले नाहीत. अर्ध्या तासाने त्यांनी तिला आत नेलं.

त्या संध्याकाळी काशीनाथ टीव्ही बघत मटार सोलत होते. शांताबाई समोर बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी सगळं सांगितलं, कारकून, यादी, बाकाखाली धरलेले पाय, आणि मग चौदा नंबर. काशीनाथनी टीव्ही बंद केला.

"आठवीतलं मला आजवर बोलली नाहीस," ते म्हणाले.

"काय बोलायचं त्यात? पण ते जाऊ द्या. बागेत नेलं तरी तिने झाडाकडे पाहिलंसुद्धा नाही. मग नेचर कशाला म्हणत होती?"

"अगं, एक शब्द एकाच अर्थावर कुठे बसून राहतो? आपल्याकडे प्रकृती म्हणजे झाडंझुडपं, आणि प्रकृती म्हणजे तुझं बीपी. पत्रात 'प्रकृतीस जपावे' लिहायचो तेव्हा काय झाडांना पाणी घाल म्हणायचो का? त्या सुताराच्या घरी तो शब्द बाहेर बागेत राहत असेल. हिच्या घरी आणखी कुठे राहत असेल." त्यांनी सोललेले दाणे तिच्यापुढे सरकवले. "विचार ना कुणाला तरी. तिचं कुणी आहे का?"

नोरीन होती. डॉक्टरांनी आता घास देऊ नका, नुसते ओठ ओले ठेवा असं सांगितल्यावर ऐश्वर्याने तिला कळवलंच होतं. विमानाने यायला तिला चार दिवस लागणार होते आणि चार दिवस मिळतील असं कुणी म्हणत नव्हतं. म्हणून शुक्रवारी व्हिडिओ कॉल ठरला, इथली संध्याकाळ, तिथली सकाळ. ऐश्वर्याने टॅब्लेट पलंगाच्या टेबलावर उभा केला. पडद्यावर साठीतली एक बाई आली, खांद्यावर शाळेची पिशवी, मागे पावसाने भिजलेली खिडकी. ती कुठल्याशा प्राथमिक शाळेत शिकवायची आणि तिथूनच पुढे उन्हाळी सुट्टीतल्या वर्गाला जाणार होती.

"आंटी ब्रीद," नोरीनने हाक मारली, आणि शांताबाई चमकल्या. तोच द. दातांना लागलेला.

म्हातारीचे डोळे उघडले. नोरीन आयरिशमध्ये हळूहळू काही बोलत राहिली. ब्रीद ऐकत होती की नाही कळत नव्हतं. मग तिचे ओठ हलले. आवाज असा नव्हताच, नुसता श्वास. "वी नादूर इन्ती," ती म्हणाली. आणखी दोन-तीन वाक्यं पुटपुटली, आणि पुन्हा, "वी नादूर इन्ती."

नोरीनने पिशवी खाली ठेवली.

"काय म्हणते ती?" शांताबाईंनी विचारलं. "तो शब्द, नादूर. मला सांगा. नेचर ना? मी नेलं तिला बागेत. तिला झाडं नको होती."

"झाडं?" नोरीन गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं. "पुस्तकात आहे खरा तो अर्थ. पण आमच्या गावात, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी, नादूर म्हणजे ते नाही. आईला मुलाबद्दल असतो तो नादूर. रडणाऱ्या परक्या पोराला उचलून घेणाऱ्या बाईत असतो. लॅटिनमध्ये तो शब्द जन्माशी जोडलेला आहे, जन्मतःच माणसात असतं ते. एखाद्याला आम्ही म्हणतो, त्याच्यात नादूर नाही. याहून वाईट काही म्हणता येत नाही. आणि तिच्यात नादूर आहे, याहून चांगलं नाही."

उपजत माया, शांताबाईंच्या मनात आलं. आपल्याकडे दोन शब्द लागतात.

"ती आधी दुसरं म्हणायची," त्या म्हणाल्या. "ता नादूर इन्ती. माझ्याकडे बोट करून. सगळ्यांना."

"ता म्हणजे आहे," नोरीन म्हणाली. "तिच्यात माया आहे, असं." ती थांबली. शिक्षक माणूस, अर्धवट सांगायची सवय नसावी. "आता ती 'वी' म्हणाली. वी म्हणजे होती. ती म्हणतेय, इथे एक बाई यायची, मला माझ्या नावाने हाक मारायची, आमच्या आईसारखी. तिच्यात माया होती. ती बाई आता येत नाही."

ऐश्वर्या खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. शांताबाईंनी पलंगाचा कठडा धरला. आयुष्यात एका यादीने त्यांना नादार ठरवलं होतं आणि एका म्हातारीने अख्ख्या इमारतीला बोट करकरून सांगितलं होतं की हिच्यापाशी आहे, पुष्कळ आहे. आणि आपण काय केलं? तिच्याजवळ उरलेली एकच गोष्ट, तिचं नाव, ती काढून घेतली. पोटभर खाणारी बाई उपाशी ठेवली. नावात मायाबिया काही नव्हती हो, तो नुसता मराठी द होता, असं ओरडून सांगावं असंही त्यांना वाटलं. पण मग चिऊचा घास? तो तर कुणी सांगितला नव्हता.

त्या गुडघ्यांवर बसल्या, पाठीची पर्वा न करता. तोंड म्हातारीच्या कानाजवळ नेलं.

"ब्रीद," त्या म्हणाल्या. "ब्रीद. मी आहे गं."

म्हातारीचे डोळे फिरले. आधी छताकडे, मग नोरीनच्या पडद्याकडे, मग आवाजाच्या दिशेने. शांताबाईंचा चेहरा सापडायला तिला बराच वेळ लागला. मग तिचं बोळकं तोंड उघडलं, अगदी थोडं, घास घ्यायला उघडावं तसं. शांताबाईंनी ओल्या स्पंजने ओठ टिपले. "हा चिऊचा," त्या म्हणाल्या.

"ता," ब्रीद म्हणाली.

पडद्यावर नोरीनने तोंडावर हात धरला. तिला भाषांतर करावं लागलं नाही.

त्यानंतर ब्रीद बोलली नाही. शनिवारी आणि रविवारी शांताबाईंची शिफ्ट नव्हती. त्या पॉइंट कुकलाही गेल्या नाहीत, दोन्ही दिवस चौदा नंबरमध्ये खुर्ची घेऊन बसल्या आणि दर थोड्या वेळाने तिला नावाने हाक मारत राहिल्या. रविवारी दुपारी हॉल्गरने आपली खुर्ची दारापर्यंत आणली. शांताबाईंनी त्याला खरा अर्थ सांगितला. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणजे त्यांनी आमच्यापेक्षा बरा भाग चोरला," तो म्हणाला. सोमवारी सकाळी सातच्या सुमारास, शांताबाई ओठ ओले करत असताना, ब्रीद लिंच गेली.

नोरीन बुधवारी पोचली. दफनाला सहाच माणसं होती, त्यातला एक व्हीलचेअरमध्ये. निघण्याआधी नोरीनने ऑफिसात सांगून ठेवलं की दारावरची पाटी शांताबाईंना द्यायची. केअर होममध्ये कसलीही वस्तू कागदाशिवाय हलत नाही, म्हणून ऐश्वर्याने फॉर्म काढला. शांताबाईंनी चष्मा लावून नाव लिहिलं, पत्ता लिहिला, फोन लिहिला. पुढच्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं. तिथे इंग्रजीत छापलेलं होतं, 'नेचर ऑफ रिलेशनशिप', आणि पुढे मोकळी रेघ.

त्यांनी त्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. मग खाली सही केली आणि कागद परत सरकवला.

"काकू, हे राहिलं," ऐश्वर्या म्हणाली. "नात्याचं. नुसतं 'केअरर' लिहा, चालतंय."

"काही राहिलेलं नाही," शांताबाई म्हणाल्या. "नीट वाच. तिथे आधीच छापलेलं आहे."

ऐश्वर्याने वाचलं. पेन उचललं नाही. शांताबाईंनी पाटी रुमालाने पुसली, पिशवीत घातली आणि त्या सातच्या शिफ्टसाठी आत गेल्या.